चरबीचा आकडा, घराण्याचा वारसा आणि घाट: लांब पल्ल्याच्या महिला सायकलस्वारांसाठी सविस्तर मार्गदर्शक

पहिली ३०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) जवळ आली की महिला सायकलस्वारांच्या गटात एक प्रश्न हमखास निघतो: अंगातली चरबी किती टक्क्यांवर आणली म्हणजे घाट सोपा जाईल? प्रश्न चुकीचा नाही, पण तो फार लवकर विचारला जातो. चरबीची टक्केवारी हा आहार, सराव, वय, पाळीचे चक्र आणि घराण्याकडून आलेला वारसा या सगळ्यांचा मिळून निघणारा निकाल असतो. उत्तर आधी लिहून ठेवायचे आणि मधल्या पायऱ्या मागाहून जुळवायच्या, असे केले की शाळेतल्या गणितात जे होते तेच इथेही होते. म्हणून या लेखात चरबी कमी करण्याची पायरी मुद्दाम शेवटी ठेवली आहे आणि तिथपर्यंत पोहोचलेल्या अनेकींना तिची गरजच उरत नाही, असा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी. स्त्रीच्या शरीरात जगण्यासाठी अत्यावश्यक मानली जाणारी चरबी सुमारे १२ टक्के असते, तर पुरुषात ती सुमारे ३ टक्केच असते. हा फरक आळसाचा नसून प्रजननसंस्थेचा आणि हार्मोन्सचा आहे. त्यामुळे ज्या पुरुष सहकाऱ्याने ८ टक्क्यांवर आल्याचे सांगितले, त्याचा आकडा आपल्यासाठी प्रेरणा नाही आणि मोजपट्टीही नाही.

पायरी १: आपली सायकलिंग नेमकी कोणती, हे कागदावर लिहा

सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरच्या पुढे बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते आणि तिथे एक-दोन किलो वजनाचा फरक जवळजवळ जाणवत नाही. खांदे आत घेणे, कोपर वाकवणे आणि फडफडणारे जॅकेट काढून ठेवणे यांनी तिथे अधिक वेळ वाचतो. बीआरएममध्ये २०० किलोमीटरसाठी १३ तास ३० मिनिटे, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास आणि ६०० साठी ४० तास मिळतात. या मुदतीत न पोहोचलेल्या सायकलस्वारांशी बोलून पाहिले, तर वजनामुळे मुदत चुकली असे सांगणारी क्वचितच भेटते; झोप, पोट, बसण्याच्या जागेचे घर्षण आणि खाऊ संपून रिकामा झालेला खिसा हीच कारणे पुन्हा पुन्हा ऐकू येतात.

घाटात मात्र वजन मोजावे लागते आणि त्याचा हिशेब सोपा आहे. समजा, सायकलस्वार ६० किलोची, सायकल व पाणी मिळून ९ किलो आणि घाट ६०० मीटर उंची चढवणारा आहे. हवा आणि टायरचे घर्षण वगळून चढासाठी तिची १६० वॉट ताकद कामी येत असेल, तर तिला सुमारे ४२ मिनिटे १८ सेकंद लागतील. एक किलो उतरले आणि ताकद तेवढीच राहिली, तर साधारण ३७ सेकंद वाचतील. आता उलट बाजू पाहा. कमी खाऊन दोन किलो उतरवले, पण त्या भरात ताकद १६० वरून १५० वॉटवर आली, तर तोच घाट चढायला सुमारे ४३ मिनिटे ४९ सेकंद लागतील. म्हणजे वजनकाट्यावर यश आणि घाटावर दीड मिनिटाचा तोटा. हा हिशेब आपल्या वजनाने आणि आपल्या आवडत्या घाटाच्या उंचीने एकदा स्वतः करून पाहावा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे आहेत.

पायरी २: चरबीआधी ताकद मोजा

पॉवर मीटर (पायांची ताकद वॉटमध्ये मोजणारे उपकरण) असेल तर २० मिनिटांची चाचणी घ्यावी आणि तिच्या सरासरीचे ९५ टक्के म्हणजे आपली एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारी ताकद, धरावी. पॉवर मीटर नसेल तर एकच चढ, तोच टायर दाब, तीच वेळ आणि शक्यतो तसेच हवामान ठेवून दर चार आठवड्यांनी घड्याळ लावावे. पुण्यात सिंहगडाचा रस्ता यासाठी पिढ्यानपिढ्या वापरात आहे. आपल्या गावाजवळचा कोणताही २० ते ४० मिनिटांचा सलग चढ चालेल. ज्या महिलेची ताकद गेल्या सहा महिन्यांत वाढतच आहे, तिने वजनाला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. सरावाला सुरुवात करून पहिली एक-दोन वर्षे झालेली असताना वॉटमध्ये होणारी वाढ किलोंमध्ये होणाऱ्या घटीपेक्षा स्वस्त पडते आणि टिकतेही.

पायरी ३: चरबी मोजायचीच असेल तर एकाच रीतीने मोजा

घरातल्या वजनकाट्याचा चरबीचा आकडा पायांतून सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडून काढलेला अंदाज असतो. शरीरातले पाणी, पायांत उतरलेला द्रव, नुकतीच केलेली आंघोळ, टाचेची जाड कातडी अशा कशानेही तो हलतो. माझ्या स्वतःच्या काट्याने एका रविवारी सकाळी २६ टक्के दाखवले आणि त्याच संध्याकाळी २३. मधल्या बारा तासांत मी ९० किलोमीटर सायकल चालवली होती आणि दोन वाट्या आमरस खाल्ला होता. तीन टक्के चरबी वितळल्याचा आनंद मानायला मी त्या दिवशी तयार होते, हे कबूल करते.

कातडीची घडी कॅलिपरमध्ये धरून मोजण्याची पद्धत जुनी आणि चांगली आहे, मात्र तिच्यातून टक्केवारी काढताना जी समीकरणे वापरतात, ती मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या लोकांच्या मापांवर बेतलेली आहेत. त्यामुळे टक्केवारी काढूच नये. दंडाची मागची व पुढची बाजू, पाठीच्या फऱ्याखाली, कमरेवर दोन ठिकाणी, पोट, मांडी आणि पोटरी अशा आठ ठिकाणच्या घड्यांची मिलिमीटरमधली बेरीज तेवढी लिहून ठेवावी आणि दर वेळी त्याच प्रशिक्षित व्यक्तीकडून मोजून घ्यावे. बेरीज कमी झाली आणि मांडीचा घेर तोच राहिला, तर चरबी गेली. दोन्ही कमी झाले, तर स्नायूही गेला असण्याची शक्यता धरावी.

डेक्सा स्कॅन (क्ष-किरणांनी शरीरातली चरबी आणि स्नायू मोजणारी तपासणी) अधिक नेमका असतो आणि त्याच यंत्रावर हाडांची घनताही मोजता येते. तरीही जेवून आणि पाणी पिऊन केलेल्या स्कॅनचा आकडा उपाशीपोटीच्या आकड्याशी जुळत नाही. सकाळी, काही न खाता, आदल्या दिवशी कठीण सराव न करता आणि पाळीच्या चक्राच्या त्याच टप्प्यावर स्कॅन करावा. वर्षातून दोनदा पुरे. पाळीपूर्वीच्या दिवसांत अंगात पाणी धरल्यामुळे एक-दोन किलो वजन सहज वाढते, म्हणून त्या आठवड्यातल्या काट्यावरून कोणताही निर्णय घेऊ नये.

पायरी ४: वारसा समजून घ्या, पण त्याची भविष्यवाणी करू नका

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून शरीराच्या आकारमानातल्या फरकांपैकी साधारण ४० ते ७० टक्के फरक अनुवंशिक असल्याचे दिसते. याचा अर्थ नीट लावला पाहिजे. हा आकडा एखाद्या लोकसमूहातल्या माणसामाणसांतल्या फरकाचा आहे. आपल्या अंगावरच्या चरबीपैकी ६० टक्के आजीची आणि ४० टक्के आपली, असा तो नाही. कॅनडात क्लोद बुशार आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकसारख्या जुळ्यांच्या १२ जोड्यांना आठवड्यातले सहा दिवस, असे एकूण ८४ दिवस, रोज १,००० किलोकॅलरी जास्त खायला दिल्या. कोणाचे वजन ४.३ किलो वाढले, तर कोणाचे १३.३ किलो, आणि एकाच जोडीतल्या दोघांची वाढ मात्र एकमेकांशी बरीच जुळली. त्यात सगळे तरुण पुरुष होते, हे लक्षात ठेवूनही मुद्दा उरतोच: तेवढेच ताट समोर ठेवले तरी दोन शरीरे वेगळा हिशेब लावतात.

एफटीओ या जनुकाचा वजनाशी असलेला संबंध २००७ मध्ये पुढे आला. त्याची वजन वाढवणारी प्रत आई आणि वडील या दोघांकडून मिळालेल्या व्यक्तींचे वजन, ती अजिबात नसलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे ३ किलो अधिक असते. २०११ मध्ये दोन लाखांहून अधिक प्रौढांच्या एकत्रित विश्लेषणात असेही दिसले की शारीरिक हालचाल करणाऱ्यांमध्ये या जनुकामुळे येणारा स्थूलतेचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी सौम्य होतो. चरबी कुठे साठते, याबाबतीत तर वारसा आणखी हट्टी असतो आणि कमर-नितंबांच्या प्रमाणाशी जोडलेल्या जनुकीय स्थानांपैकी अनेकांचा प्रभाव स्त्रियांमध्ये अधिक दिसतो. म्हणून ज्या घरात सगळ्या मावश्यांच्या मांड्या भरलेल्या आहेत, त्या घरातल्या मुलीचा चेहरा आणि दंड सुकतात, पण मांडी शेवटी हलते. तिने आरशावरून उपाशी राहण्याचा निर्णय घेतला, तर ती आजारी पडेल आणि मांडी तरीही तिथेच असेल.

सराव अंगी लागण्यालाही वारसा असतो. हेरिटेज कुटुंब अभ्यासात ९८ कुटुंबांतल्या ४८१ जणांना २० आठवडे सायकलवर सारखाच सराव दिला गेला. व्हीओटू मॅक्समधली (शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, त्या मापातली) सरासरी वाढ मिनिटाला सुमारे ४०० मिलिलिटर होती, पण कोणाची जवळपास शून्य, तर कोणाची एक लिटरहून अधिक, आणि या फरकातला साधारण ४७ टक्के भाग अनुवंशिक ठरला. म्हणून शेजारणीच्या सरावाचे वेळापत्रक उचलून तेच फळ मागणे व्यर्थ आहे. एका प्रकारच्या सरावाला न बधलेले शरीर दुसऱ्या प्रकाराला प्रतिसाद देऊ शकते. आठ-दहा आठवडे प्रामाणिकपणे करूनही वॉट हलले नाहीत, तर सरावाचे स्वरूप बदलावे.

आता महाराष्ट्राशी थेट जोडलेली गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराची ‘बारीक पण चरबीदार’ ही ठेवण जगापुढे मांडली. २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले गेले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) २२.३ होता; चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के होती. पुण्याजवळच्या गावांतल्या मातांचा आणि बाळांचा त्यांच्या गटाने केलेला अभ्यास असे दाखवतो की आपली बाळे वजनाने लहान असूनही त्यांच्या कातडीखालची चरबी तुलनेने टिकून असते. म्हणजे वारसा जनुकांपुरता नसून आईच्या गरोदरपणातल्या ताटापर्यंत पोहोचतो. सायकलस्वार महिलेसाठी याचे दोन अर्थ निघतात. युरोपीय व्यावसायिक खेळाडूंच्या १५ ते २० टक्क्यांच्या तक्त्याशी स्वतःला ताडून पाहणे आपल्यावर अन्याय करणारे आहे. आणि बीएमआय २१ असूनही आपल्यात स्नायू कमी असू शकतो. तेव्हा उपाय ताट लहान करण्याचा नसून वजने उचलण्याचा असतो.

थुंकीचा नमुना पाठवून ‘सहनशक्तीची जनुके’ सांगणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नयेत. खेळातली गुणवत्ता शोधण्यासाठी किंवा सराव ठरवण्यासाठी अशा चाचण्यांचा उपयोग नाही, असे या क्षेत्रातल्या संशोधकांच्या गटाने २०१५ च्या एकमतपत्रात स्पष्ट म्हटले आहे. एसीटीएन३ किंवा एसीई यांसारख्या प्रसिद्ध जनुकांचा एकेकट्याचा प्रभाव इतका लहान आहे की आईला मासिक पाळी कधी सुरू झाली, घरात मधुमेह किंवा थायरॉइड कोणाला आहे आणि म्हातारपणी कोणाचे हाड मोडले, ही फुकटची माहिती अधिक कामाची ठरते. ती आजच फोन करून वहीत लिहून घ्यावी.

पायरी ५: अंगात किती ऊर्जा शिल्लक राहते, ते मोजा

माझ्या मते ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे. ५६ किलोची, २३ टक्के चरबी असलेली महिला घ्या. तिचे चरबीविरहित वजन सुमारे ४३ किलो होते. तीन तास सरासरी १२० वॉटने सायकल चालवली की पॉवर मीटर सुमारे १,३०० किलोज्यूल दाखवतो आणि माणसाची कार्यक्षमता लक्षात घेता हाच आकडा खर्च झालेल्या किलोकॅलरींच्या जवळ जातो. त्या दिवशी तिने २,२०० किलोकॅलरी खाल्ल्या, तर सरावाचा खर्च वजा जाता ९०० उरतात. त्यांना ४३ ने भागले की किलोमागे जेमतेम २१ येतात.

प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत हा आकडा ३० च्या खाली गेला की काही दिवसांतच पाळी चालवणाऱ्या हार्मोनचे ठोके विस्कळीत होताना दिसले आहेत. प्रत्येकीची रेषा नेमकी ३० वर नसते, तरी ४५ च्या आसपास शरीर निवांत असते, असे धरून चालावे. या महिलेला त्या दिवशी ४५ गाठायला सुमारे ३,२३५ किलोकॅलरी लागतील. सरावाला सुट्टी असलेल्या दिवशी मात्र तेच २,२०० तिला ५१ देतात. म्हणजे रोज सारखेच ‘हेल्दी’ जेवणारी महिला नेमकी लांब राइडच्या दिवशी उपाशी असते आणि तिला ते कळतही नाही. त्यात संकष्टी आली, किंवा नवरात्रात एकभुक्त राहून सकाळी ८० किलोमीटर झाले, की हिशेब आणखी बिघडतो. उपवास आणि लांब राइड एकाच दिवशी नको, हा नियम श्रद्धेच्या आड येत नाही. राइड दुसऱ्या दिवशी ढकलता येते.

ऊर्जेच्या या सततच्या तुटवड्यातून होणाऱ्या बिघाडाला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये रेड-एस हे नाव दिले आणि २०२३ मध्ये त्याची मांडणी नव्याने केली. पाळी लांबणे किंवा थांबणे, सततची थंडी वाजणे, झोप मोडणे, वारंवार सर्दी, चिडचिड, बद्धकोष्ठता आणि सरावानंतरही न वाढणारे वॉट ही त्याची खूण असते. पाळी हे यातले सर्वांत स्वस्त आणि प्रामाणिक मापक आहे. चक्र २१ ते ३५ दिवसांत येत असावे. तीन महिने पाळी आली नाही, तर ‘सराव कडक चालू आहे’ असे अभिमानाने न सांगता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित हार्मोन्सचा बिघाड), थायरॉइड आणि गर्भधारणा ही कारणेही आधी तपासावी लागतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर येणारा रक्तस्राव खऱ्या पाळीचा पुरावा नसतो.

इथेच एक गैरसमज काढून टाकायला हवा. ५५ किलोच्या, २२ टक्के चरबी असलेल्या महिलेकडे सुमारे १२ किलो चरबी असते, म्हणजे जवळपास ९०,००० किलोकॅलरींचा साठा. स्नायू आणि यकृतातल्या ग्लायकोजेनमध्ये, म्हणजे साठवलेल्या कर्बोदकांत, मात्र दोन हजारांच्या आतबाहेरच ऊर्जा असते. स्त्रिया सारख्याच श्रमात पुरुषांपेक्षा चरबी थोडी अधिक जाळतात आणि लांब पल्ल्याला हे वरदानच आहे, पण घाटात चरबी एवढ्या वेगाने पेटत नाही. म्हणून राइडमध्ये तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. अडीच तासांच्या पुढच्या कठीण राइडमध्ये सवयीने ९० ग्रॅमपर्यंतही जाता येते. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. अर्ध्या लिटर पाण्यात ३० ग्रॅम साखर, दोन चिमूट मीठ आणि अर्धे लिंबू घातले की तेवढेच काम होते; चमच्यावर विश्वास न ठेवता साखर एकदा काट्यावर मोजून पाहावी. माझ्या जर्सीच्या डाव्या खिशात चिक्की, उजव्या खिशात गूळपोळीचे चौकोनी तुकडे बटर पेपरमध्ये गुंडाळलेले असतात आणि दर अर्ध्या तासाला घड्याळ वाजले की भूक असो वा नसो, एक तुकडा तोंडात जातो.

पायरी ६: रक्त आणि हाडे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय महिला रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे घाटात दम लागणाऱ्या दोघींपैकी एकीला चरबीची नव्हे, लोहाची अडचण असण्याचा संभव आहे. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचे माप) तपासावे, कारण हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाच साठा रिकामा होऊ लागतो. जेवणाबरोबर चहा टाळणे आणि उसळीवर लिंबू पिळणे या साध्या गोष्टी लोह शोषायला मदत करतात. गोळ्या मात्र तपासणीशिवाय घेऊ नयेत. बी१२ आणि ड जीवनसत्त्वही त्याच वेळी पाहून घ्यावे, विशेषतः शाकाहारी असल्यास.

सायकल हाडांवर भार टाकत नाही, म्हणून फक्त सायकल चालवणाऱ्यांची हाडे धावपटूंच्या तुलनेत विरळ आढळतात. आठवड्यातून दोनदा स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि थोड्या दोरीच्या उड्या घालाव्यात.

पायरी ७: आता, गरज असेल तरच, चरबी कमी करा

पाळी नियमित आहे, फेरिटिन ठीक आहे, वॉट स्थिर आहेत, लक्ष्य खरोखर चढाचे आहे आणि डेक्सा किंवा घड्यांची बेरीज वाव दाखवते, एवढे सगळे जुळले तर स्पर्धेच्या तीन-चार महिने आधी सुरुवात करावी. शेवटच्या सहा आठवड्यांत कधीही नाही. नॉर्वेतल्या अव्वल खेळाडूंच्या एका प्रयोगात आठवड्याला शरीराच्या ०.७ टक्के वेगाने वजन उतरवणाऱ्यांनी स्नायू कमावला, तर १.४ टक्के वेगाने उतरवणाऱ्यांना तो लाभ झाला नाही. ५६ किलोच्या महिलेसाठी ०.७ टक्के म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम, आणि मी तर २५० ग्रॅमवरच थांबायला सांगते.

रोजची तूट २५० ते ३५० किलोकॅलरींची असावी आणि ती फक्त सोप्या सरावाच्या किंवा सराव नसलेल्या दिवशी. राइडच्या आधीचे, मधले आणि लगेच नंतरचे खाणे अजिबात कापू नये. कापायचे ते रात्री टीव्हीसमोरचे फरसाण. प्रथिने वजनाच्या किलोमागे १.६ ते २ ग्रॅम ठेवावीत. मराठी ताटात वरण पातळ असते आणि प्रथिनांचा भरवसा त्याच्यावरच असतो, ही खरी अडचण आहे. घट्ट उसळ, पनीर, अंडी, मासे, सोयाबीन आणि जेवणानंतरची दह्याची मोठी वाटी यांनी ती सुटते. तीन आठवडे तूट, मग एक आठवडा पोटभर, असा क्रम मला सर्वांत निभावता आला.

२०२५ ची टूर द फ्रान्स फेम जिंकणाऱ्या पोलीन फेराँ-प्रेव्होने तयारीत सुमारे ४ किलो उतरवल्याचे स्वतः सांगितले, तेव्हा महिला सायकलिंगच्या वर्तुळात बराच वाद झाला. हे वजन कायम ठेवण्यासारखे नाही, हेही तिने मान्य केले होते. तिच्यामागे डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि मोजमापाचा अख्खा ताफा होता. आपल्यामागे डबा भरायची घाई आणि सोमवारचे ऑफिस असते.

रोजच्या वहीत पाच रकाने पुरतात: उठल्यावरचे नाडीचे ठोके, झोपेचे तास, पाळीचा दिवस, राइडमध्ये खाल्लेली कर्बोदके आणि पायांची अवस्था एका शब्दात. वजन आठवड्यातून तीनदा घेऊन त्याची सरासरी तेवढी लिहावी. सकाळची नाडी सलग चार-पाच दिवस नेहमीपेक्षा वेगळी लागली, पाळी आठवडाभर पुढे गेली, किंवा ठरलेल्या चढाला दोनदा जास्त वेळ लागला, तर तूट त्याच दिवशी बंद करावी आणि दोन आठवडे ताट भरून जेवावे. पाळी तरीही परतली नाही, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. मागच्या तीन महिन्यांच्या तारखा तोंडी कोणालाच आठवत नाहीत.